तीन वेगळी विज्ञानं

नववीत गेल्यावर शाळेत निवड करायची असे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र वेगवेगळं शिकायचं, की तिन्हींचं मिळून एकच सोपं विज्ञान घ्यायचं. बाकीच्या घरांत हा चहाच्या कपाबरोबर संपणारा विषय होता. धाकटीच्या घरात तो निघाला की आईचं शिलाई मशीन थांबायचं आणि बाबा उठून बाहेर जायचे.

कारण तिच्या थोरल्या बहिणीने, मोठीने, तीन वेगळी घेतली होती. ताप अंगावर काढत राहिली. "एवढं प्रॅक्टिकल होऊ दे, मग जाते डॉक्टरकडे," म्हणत राहिली. गेली तेव्हा उशीर झाला होता; ती घरी परतलीच नाही.

"तिचं अर्धं राहिलंय, ते तू पुरं कर," आई म्हणायची.

"एकच विज्ञान घे. डोक्याला ताप नको," बाबा म्हणायचे, आणि 'ताप' हा शब्द तोंडातून निसटला की त्यांचा चेहरा पडायचा.

धाकटीला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

निवडीआधी रसायनाच्या बाईंनी सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. दर्शक घातलेल्या आम्लात ब्युरेटमधून, तोटी असलेल्या उभ्या काचनळीतून, थेंब थेंब अल्कली सोडायचं, फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद. धाकटीने तोटी फिरवली. द्रावण गरगर फिरत होतं. तेवढ्यात अगदी कानापाशी कुणीतरी म्हणालं, "थांब गं."

तिचा हात आपोआप थांबला. रंग नेमका फिकट गुलाबी.

"वा! हात अगदी मोठीसारखा आहे," बाई बोलून गेल्या आणि ओशाळल्या.

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

त्यानंतर तिला अभ्यासाला बसवेना. गणित सुटलं तरी वाटे, हे मी सोडवलं की तिने? आरशासमोर वेणी घालताना ती मागे वळून बघायची. शेवटी ती मधल्या सुट्टीत बाईंकडे गेली.

"बाई, मला तो प्रयोग परत करायचाय. एकटीला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, काही न विचारता काचेची भांडी काढून दिली आणि वह्या तपासत दाराशी बसल्या.

पहिल्याच खेपेला आवाज आला. "थांब गं."

धाकटीने दात आवळले आणि तोटी तशीच चालू ठेवली. रंग गडद, भडक झाला. प्रयोग वाया गेला. तिने भांडं धुतलं.

दुसऱ्या खेपेला ती आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही. एक थेंब. आणखी एक. गुलाबी रंग उमटून विरून गेला. मग एक थेंब, आणि तो टिकला. धाकटीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. हा आनंद तिचा एकटीचा होता. आणि खोलीही आता खरोखर रिकामी होती.

संध्याकाळी तिने सांगितलं, "मी तीन वेगळी घेतेय."

आईचे डोळे भरले. "मोठीला किती बरं वाटलं असतं—"

"तिच्यासाठी नाही, आई. मला आवडतं म्हणून."

आईने मान खाली घातली. मशीनच्या सुईत दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला. बाबा चप्पल पायात सरकवून नेहमीसारखे बाहेर निघाले, आणि उंबऱ्यातूनच परतले.

नव्या विषयांचे तास सुरू झाल्यापासून रोज सकाळी धाकटी दप्तर उचलायची तेव्हा बाबा वाटेत उभे असत. तिच्या कपाळावर हात ठेवत.

"ताप नाहीये हो, बाबा."

"हं," ते म्हणत. पण हात लगेच काढत नसत.