काकूंची नक्कल

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा, या हिशेबानं वर्षानुवर्षं धंदा करून मास्तर आणि त्याचा मेहुणा दोघंही मेटाकुटीला आले होते. कुणाला दवाखान्याचं वेळापत्रक हवं, कुणाला गोदामाचा हिशेब, कुणाला बटण निळं हवं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायचा, वेगळा सांभाळायचा आणि बोलणी मात्र सगळ्यांची सारखीच खायची. शेवटी मेहुण्याचं डोकं फिरलं.

"घरोघरी मातीच्याच चुली ना?" तो म्हणाला. "मग ज्याच्या त्याच्या घरी जाऊन चूल थापत कशाला बसायचं? एकच झकास चूल बनवू आणि सगळ्यांना विकू."

मेहुण्याचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असतं, हाच त्याच्यातला दोष. ठरलं. लाँड्रीच्या धंद्यासाठी एकच प्रॉडक्ट करायचं. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कपडे, कुणाचं काय आलं, कुठल्या मशीनमध्ये गेलं, परत काय जायचं, सगळं एका स्क्रीनवर. लाँड्रीच का, तर त्यातलं मास्तरला खडान्‌खडा ठाऊक होतं. आणि ते काकूंमुळे.

काकू म्हणजे या दोघांचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. एका मोठ्या लाँड्रीच्या मालकीणबाई, अंगानं किरकोळ आणि आवाजानं दणदणीत. 'मास्तर' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. तो त्यांना माऊस धरायला शिकवायचा आणि चुकल्या की डोळे वटारायचा. पुढे सगळं ऑफिस त्याला मास्तर म्हणू लागलं.

आता प्रॉडक्ट करायचं म्हणजे समोर गिऱ्हाईक नसतं. ते मनानंच उभं करावं लागतं. त्यासाठी ऑफिसात एक रीत पडली. नवी स्क्रीन ठरवायची असली की कुणीतरी एकानं गिऱ्हाईक व्हायचं, कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि त्याच्या तोंडानं बोलायचं. पण नव्यानं घेतलेल्या पोरांनी लाँड्रीचा उंबराही ओलांडलेला नव्हता. कोरी पाटी. गिऱ्हाईक घाबरतं कशाला, बोलतं कसं, हे त्यांना कोण सांगणार?

मास्तरनं सांगितलं. एका दुपारी चहा घेता घेता तो रंगात आला.

"आमच्या एक काकू आहेत. काही चुकलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली की हात जोडतात आणि कॉम्प्युटरला म्हणतात, 'अहो, चुकलं माझं, माफ करा!'"

"कॉम्प्युटरला अहो?" डिझायनर मुलगी किंचाळली. पोरं पोट धरधरून हसली. मेहुण्यानं टेबलावर थाप मारली. "बस! याच बाईसाठी बनवायचं आपण. एकसुद्धा लाल अक्षर दिसता कामा नये."

डिझायनर नकला करण्यात तरबेज. त्या दिवसापासून गिऱ्हाईक व्हायचं काम तिच्याकडेच आलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज दणदणीत, हात जोडलेले. ऑफिसात कुणाचंही काही बिघडलं की चारी कोपऱ्यांतून 'अहो, चुकलं माझं' सुरू व्हायचं. मास्तरही हसायचा. पहिल्यांदा जरा कसंनुसं झालं, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

प्रॉडक्ट तयार झालं आणि काकूंचा जुना प्रोग्रॅम बंद करायची वेळ आली. तसं सांगायला आणि नवं दाखवायला मास्तरनं त्यांना ऑफिसात बोलावलं. काकू हो म्हणाल्या की बाकीची जुनी गिऱ्हाइकंही मागोमाग येतील, हा मेहुण्याचा हिशेब. मास्तरचा हिशेब साधा होता. काकूंनी त्याची दोन वर्षांची मेहनत बघावी आणि त्याला पोटच्या पोरासारखं जवळचं मानत राहावं. बाकी काही नाही.

काकू वेळेआधी आल्या. मास्तर तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये फोनवर होता. बोलता बोलता वळला तर काकू मीटिंगच्या खोलीच्या दारात उभ्या, त्याच्याकडे पाठ करून. आतून डिझायनरचा आवाज आला, "अहो, चुकलं माझं, माफ करा! पुन्हा नाही हो करणार!" आणि मग हशा.

मास्तरनं फोन ठेवला, पण पुढे न जाता तो तिथेच थांबला.

गोष्टीतला अर्धा भाग त्यानं पोरांना सांगितलाच नव्हता. लाँड्रीतलं कॉम्प्युटरचं सगळं काका बघायचे. काका एकाएकी गेले आणि काकू त्यांच्या खुर्चीत बसल्या. पुढे मास्तर एकदा दुरुस्तीला गेला असताना त्यांनी दार लोटून घेतलं. "ती लाल अक्षरं आली ना, की मला वाटतं हेच रागावलेत. जन्मभर म्हणत होते शिकून घे, शिकून घे. मी ऐकलं नाही. म्हणून माफी मागते बघ. वेडी म्हणशील. कुणाला सांगू नकोस." मास्तर म्हणाला होता, "छे हो, कुणाला सांगतोय!" आणि पोरांना सांगताना त्यानं काकांना नेमकं वगळलं. काका गोष्टीत आले असते तर कुणी हसलं नसतं.

मेहुण्याला दारात काकू दिसल्या आणि त्याचं हसू जागीच गोठलं. याच त्या काकू, हे डिझायनरला बिचारीला कुठे ठाऊक? "या ना, बसा. तुम्हीच बघा चालवून."

काकू बसल्या. नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा त्यांनी आठवणीनं वर सारला. एका हॉटेलच्या चादरी टाकल्या, आकडा चुकला. स्क्रीनवर लाल काही आलं नाही. काळ्या, मोठ्या अक्षरांत आलं, 'हरकत नाही. पुन्हा एकदा बघू या.' काकू त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. आवाजातला दणदणीतपणा कुठे गेला कोण जाणे. "माझ्यासारख्या पुष्कळ जणींची सोय होईल. मी घेते."

मेहुण्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मास्तरला मात्र वाटलं, यापेक्षा त्यांनी चारचौघांत कान उपटले असते तर बरं झालं असतं.

तो त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. "काकू, ते मगाशी..."

"राहू दे रे. पोरं आहेत, हसायचंच त्यांचं वय." त्यांनी बटण दाबलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "यांचं सांगितलंस का त्यांना?"

"नाही," मास्तर म्हणाला. ते खरंच होतं.

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो. माझ्यासाठी तेवढं तरी झाकून ठेवलंस."

लिफ्ट आली. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. काकू आत शिरल्या, वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. मास्तरनं मान हलवली, जणू खरोखरच त्यानं ते त्यांच्यासाठीच झाकून ठेवलं होतं.