अण्णांचं घोंगडं

माकणीला घरी पोचले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. मी पाया पडले, तर म्हणाले, "बाई, कुनाकडं आलाव?"

पोटच्या पोरीला! मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणावर काढायचा, तेच कळेना.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हेच तर काम करते. वय झालेल्या, स्मृती हरवलेल्या मेंदूत कोणती जनुकं काम करतात, कोणती थंडावतात, ते तपासते. मायला समजावलं, "जनुकं सगळी जागच्या जागीच असतात गं. पण काही गप्प पडतात, काही नको तेवढा गलका करतात."

"मंग वर्षे, तुजं नाव गप पडल्यालं हाय का?"

"नाव जनुकात नसतं, माय!" मी खेकसले.

"मंग कुठं असतंय?"

मी पिशवीतून जुने फोटो काढले.

सकाळी परत निघायचं होतं. त्याआधी अण्णांनी एकदा तरी मला ओळखावं, एवढंच हवं होतं. फोटो दाखवले, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी "मी वर्षाराणी!" म्हणून ओरडलेच. अण्णा घाबरून भिंतीकडं सरकले. मला स्वतःचीच लाज वाटली.

माय उठली आणि अण्णा मेंढ्यांमागं पांघरायचे ते घोंगडं आणून तिनं माझ्या डोक्यावर टाकलं.

"हे काय?"

"मेंढी कोकराला पाजंना की ह्ये काय करायचे?"

आठवलं. अण्णा मेंढीचंच दूध कोकराच्या पाठीला चोळायचे. मेंढी हुंगायची, आपलं मानायची आणि पिऊ द्यायची.

"अगं, या आजारात वासाची ओळख बहुतेकदा आधीच जाते!"

"बस गप."

बसले. अण्णा हळूहळू जवळ आले, वाकले. घोंगडं हुंगलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग गळ्याखाली चाचपलं.

"आपलंच हाय," ते मायला म्हणाले. "भुकेलंय. पाज की."

त्यांनी मला ओळखलं, की घोंगड्याला? की खरंच कोकरू समजले? कुठलं जनुक बोललं, कुठलं गप्प राहिलं, मला काही म्हणजे काही कळेना. मायनं वाटीत दूध आणलं. अण्णा पाठ थोपटत राहिले आणि मी पीत राहिले.

लई उकडत होतं. पण घोंगडं काढायची माझी हिंमत झाली नाही.