दोर तुटल्यानंतर

महिपती सरांनी पुस्तक उघडलं आणि खुणेची पहिली चिठ्ठी बाहेर काढली. पुस्तकातून अशा बऱ्याच चिठ्ठ्या डोकावत होत्या. पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या रामदासने दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून धरले.

"पान बावन्न," महिपती सर म्हणाले. "कोकणात उत्खनन चाललंय. महिना जुलै. मी सदतीस वर्षं खोदकामं केली. जुलैत कोकणात चर खणला तर अवशेष सापडत नाहीत, बेडूक सापडतात."

हॉलमध्ये हशा पिकला. रामदासही हसला, जरा उशिरा.

कोथरूडच्या त्या वाचनालयात रविवारी सकाळी तीसेक माणसं जमली होती. चर्चा जयाच्या कादंबरीवर होती. 'खाडीखालचा क्रूस' हे तिचं पहिलं पुस्तक. जया रामदासची बायको. पुस्तक छापून आलं तेव्हा तिला जाऊन सात महिने झाले होते.

वाचक मंडळाचा एक जुना नियम होता. लेखक असो की त्याच्या घरचं माणूस, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. शेवटी त्याने दोन शब्द बोलायचे, मग हात वर करून मतदान. बहुमत झालं तर लेखकाचं नाव बाहेरच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचं. वर्षाला एकच नाव. जया बावीस वर्षं सभासद होती. पुस्तक बदलायला आली की त्या फळ्याखाली थोडी थांबायची, आणि रामदास स्कूटर चालू ठेवून रस्त्यावर तिची वाट बघायचा.

त्याच्या शेजारी तनुजा बसली होती, जयाची धाकटी बहीण. तिने पर्स मांडीवर उभी धरली होती आणि ती समोर बघत होती.

महिपती सरांनी आणखी तीन चुका काढल्या. शिलालेख कोणी ओल्या फडक्याने पुसत नाही. थर वरून खाली मोजतात, खालून वर नाही. तस्कर बंदूक घेऊन येतात, पण खोदकामावर खरी भीती तलाठ्याची असते. पुन्हा हशा. मग सरांनी पुस्तक मिटलं.

"पण हातातून सोडवलं नाही हो," ते म्हणाले. "चुका काढत काढत सगळं वाचलं."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. "मला कळत नाही, ही रहस्यकथा आहे की प्रवचन? तस्कर मागे लागलेत, विहिरीत पाणी चढतंय, आणि नायिका प्रार्थना म्हणतेय. अहो बाई, आधी वर या. मग म्हणा काय ते."

"तुम्ही लिफ्टमध्ये अडकला होतात तेव्हा रामरक्षा म्हणत होतात की," कोणीतरी म्हणालं.

"ती मनात."

मंडळाचे अध्यक्ष रंगनाथराव यांनी टेबलावर पेन आपटलं. "ऋतिका, बोल तू."

ऋतिका खराडीच्या एका कंपनीत होती. मंडळात सगळ्यांत लहान. ती पुस्तक छातीशी धरूनच उठली. "मी बसमध्ये वाचत होते. माझा स्टॉप गेला. सीरियसली, दोन स्टॉप पुढे गेले. मला क्रूस, शिलालेख, त्यातलं काही माहीत नव्हतं. पण रूथ आवडली. ती घाबरते आणि तरी जाते." ती थांबली. "फक्त एक वाटलं. बोलू का?"

"त्यासाठीच जमलोय."

"शेवटची दोन प्रकरणं वेगळी आहेत. म्हणजे वाईट नाहीत. पण आधी वाक्यं कशी लांब लांब, वळणं घेत जाणारी. दोर तुटल्यावर एकदम छोटी होतात. जसं कोणी दम लागल्यावर बोलतं तसं. मला वाटलं मुद्दाम केलंय. पण मग वाटलं, माणूसच बदललाय."

रामदासला कानामागे घाम आलेला जाणवला. त्याने रुमाल काढला नाही.

अठराव्या प्रकरणाच्या शेवटी रूथ बुजलेल्या विहिरीत उतरते आणि दोर तुटतो. तिथे जयाची वही संपली होती. जया हाताने लिहायची आणि रामदास ते संगणकावर उतरवायचा. पाटबंधारे खात्यात त्याने एकतीस वर्षं टंकलेखन केलं होतं. साहेबांची पत्रं चुकीची असली तरी शब्द बदलायचा नाही, ही त्याची सवय होती. जयाचंही सगळं त्याने जसंच्या तसं उतरवलं होतं, दोर तुटेपर्यंत. पुढची दोन प्रकरणं त्याने लिहिली होती. प्रकाशकाला सांगितलं नाही. तनुजालाही नाही.

"आजारात भाषा बदलते," महिपती सर म्हणाले. "माझ्या भावाची पत्रं आहेत शेवटची. चार-चार शब्दांची."

"हो, तसं असेल," ऋतिका म्हणाली आणि खाली बसली.

रामदासने श्वास सोडला. रंगनाथरावांनी घड्याळ बघितलं. "कोणी राहिलंय? नाही तर मग..."

"मी आहे," सलिल सर म्हणाले.

सलिल सर निवृत्त शिक्षक होते आणि जया ज्या चर्चमध्ये जायची तिथल्या समितीवर होते. अंत्यविधीच्या दिवशी रामदासचा हात धरून तेच उभे राहिले होते. ते सावकाश उठले, पुस्तकाचं शेवटचं पान काढलं आणि वाचायला लागले.

"'रूथ वर आली. तिचे हात सोललेले होते. ती क्रुसाजवळ गेली. उजवा हात क्रुसाच्या बाजूला ठेवून तिने त्याला तीन फेऱ्या घातल्या. मग ती बसली.'"

त्यांनी चष्मा काढला.

"इथे बहुतेकांना यात काही वाटणार नाही. पण आम्ही क्रुसाला फेऱ्या घालत नाही. आमच्या कोणत्याही चर्चमध्ये नाही. जयाताई माझ्यासमोर रविवारच्या शाळेत वाढल्या. रूथला त्यांनी आमच्यातलीच दाखवलीय, तिची आजी, तिचं गाणं, नाताळच्या करंज्या, एकही गोष्ट चुकलेली नाही. आणि शेवटच्या पानावर त्या असं लिहितील? मला पटत नाही. मी तीनदा वाचलं."

वर पंखा फिरत होता. ऋतिकाने मान वळवून रामदासकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?" रंगनाथरावांनी विचारलं.

"म्हणणं नाही. प्रश्न आहे. प्रकाशकाने घातलंय का हे? तसं असेल तर जयाताईंच्या नावावर ते राहू नये."

रामदासच्या डोळ्यांसमोर विहारातली दुपार आली. लहानपणी आई त्याचं बोट धरून स्तूपाभोवती फिरवायची. स्तूप उजव्या हाताला. त्याला दुसऱ्या कशाभोवती फिरायचं माहीतच नव्हतं. लिहिताना रूथ बाहेर आली, आणि आता तिने काय करावं ते त्याला सुचेना, तेव्हा त्याने तिला फिरवलं. लिहिलं तेव्हा ते त्याला चूक वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत वाटलं नव्हतं.

"जया फिरायची," तनुजा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. घरच्यांनी बोलायचं नाही हा नियम कोणालाच आठवला नाही.

"भाऊजी बौद्ध आहेत," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "दर बुद्धपौर्णिमेला जया त्यांच्याबरोबर विहारात जायची. तिथे ती फिरायची. तेच तिने लिहिलंय. लग्न केलं म्हणून माणूस एवढंही शिकू नये का, सर?"

सलिल सर गडबडले. "नाही नाही. तसं असेल तर... मला हे ठाऊक नव्हतं. मी शब्द मागे घेतो."

"मग झालं," रंगनाथराव म्हणाले. हॉलमधली माणसं सैल झाली. कोणीतरी खुर्ची सरकवली. "रामदासराव, दोन शब्द बोला. मग हात वर करू."

रामदास उठला. समोर तीस चेहरे होते, आणि बरेचसे मऊ झालेले. हात वर जातील हे त्याला दिसत होतं. महिपती सरांचासुद्धा जाईल. आता फक्त आभार मानायचे होते.

जया विहारात कधी फिरली नव्हती. ती दाराबाहेर उभी राहायची, त्याच्या चपला सांभाळत, आणि तो बाहेर आला की म्हणायची, "झालं? काय मागितलंस?" तो सांगायचा, आमच्यात मागत नाहीत. ती दर वर्षी हेच विचारायची.

"तनुजा म्हणाली तसं नाहीये," रामदास म्हणाला.

तनुजाने डोळे मिटले.

"जया फिरायची नाही. बाहेर उभी राहायची. ते फिरणं मी लिहिलंय. सलिल सर बरोबर आहेत, आणि ही मुलगीही. एकोणीस आणि वीस ही प्रकरणं माझी आहेत."

"पूर्ण?" रंगनाथरावांनी विचारलं.

"पूर्ण. तिच्या वहीत दोर तुटल्यावर एकच ओळ आहे. पुढे काय लिहायचं त्याची नोंद. 'रूथ वर येत नाही.' मला ते टाइप करता आलं नाही. तीन दिवस बसलो. नाही झालं. म्हणून दुसरं लिहिलं."

"आणि प्रार्थना?" मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

"ती पण मीच. एकतीस वर्षं शेजारी बसून ऐकली. ती पाठ झाली."

रंगनाथरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "नियम असा आहे की पुस्तक सभासदाने स्वतः लिहिलेलं हवं. तुम्ही सभासद नाही."

"नाही."

"सर, अठरा प्रकरणं तर त्यांचीच आहेत ना?" ऋतिका म्हणाली.

"फळ्यावर नऊ-दशांश नाव लिहिता येत नाही, बाई." रंगनाथराव हे नेहमीच्या तिरकसपणाने म्हणाले, पण म्हणून झाल्यावर त्यांनाच ते बरं वाटलं नाही. "यंदा मतदान नाही. चहा घेऊ."

चहाच्या टेबलाजवळ माणसं कुजबुजत होती. एक बाई म्हणाली ही फसवणूक आहे, आपण पैसे देऊन जयाचं पुस्तक घेतलं होतं. दुसरी म्हणाली, रूथ मेली असती तर मी पुस्तक फेकून दिलं असतं. सलिल सर रामदासजवळ आले, त्याच्या दंडाला हात लावला आणि पुढे गेले. रामदासने चहा घेतला नाही.

तो जिना उतरून खाली आला तेव्हा तनुजा तिच्या स्कूटरपाशी उभी होती. हेल्मेट हातात होतं.

"मी सांभाळलं होतं ना," ती म्हणाली. "गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

"नाही आलं."

"बावीस वर्षं ती त्या फळ्याकडे बघत होती, भाऊजी."

"माहितेय. मी बाहेर उभा असायचो."

रस्त्यावरून बस गेली. ती जाईपर्यंत दोघं थांबली.

"तुला कधी कळलं?" रामदासने विचारलं.

"पहिल्यांदा वाचलं त्याच दिवशी. जया एका वाक्यात कधी थांबली होती का?" तनुजाने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "मी आईला वाचून दाखवते. तिला आता दिसत नाही. रोज दोन पानं. तिचा हट्टच आहे, माझ्या पोरीचं पुस्तक पुरं ऐकल्याशिवाय मी कुठे जात नाही."

"कुठवर आलंय?"

"दोर तुटला." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तीन आठवडे झाले. पुढचं माझ्या तोंडून येईना. जयाचं म्हणून कसं वाचू? मागचीच पानं पुन्हा वाचते. आई काही बोलत नाही. काल फक्त म्हणाली, अगं, ती पोर अजून विहिरीतच आहे का?"

रामदासने आता रुमाल काढला आणि कानामागचा घाम पुसला.

"पुढचं मी येऊन वाचतो," तो म्हणाला.

"तिला काय सांगून?"

"माझं आहे म्हणून."

तनुजाने हेल्मेट डोक्यात घातलं, स्कूटर स्टँडवरून काढली आणि चालू केली. मग काच वर केली.

"उद्या चारच्या आत या," ती म्हणाली. "नंतर तिला झोप लागते. आणि जरा मोठ्याने वाचा, तुमचा आवाज तिला पोचत नाही."