देवाला वाहिलेली घोडी

शांतीबाईने सवयीने कोंडा भिजवला, घमेलं उचललं आणि गोठ्यापर्यंत गेली. खुंटा रिकामा होता. घमेलं तिथेच ठेवून ती परत आली आणि तिने चहा टाकला. रडू येत नव्हतं. कालपासून काहीच येत नव्हतं.

महाशिवरात्रीला सौंदडहून, महादेवाची जत्रा भरते त्या जवळच्या प्रतापगडच्या पायथ्यापर्यंत घोडे पळवायची गावाची चाल होती. निघण्याआधी घोड्याच्या कपाळी गुलाल लावायचा, नारळ फोडायचा आणि मालकाने मोठ्याने म्हणायचं, "आजपासून हा देवाचा." मग वाटेत घोडा मेला, तर तो देवाने नेला! काखा वर करायला माणसांना याहून सोयीचा देव कुठे मिळणार?

मैना घोडी शांतीबाईची. भावाने शिंगरू असताना दिलेली, तिनेच वाढवलेली. काल गुलालही तिनेच लावला आणि ते शब्दही तिनेच म्हटले. स्वार होता तिचा मुलगा मोहित.

अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर ती पाण्याची बादली घेऊन उभी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मैनाच्या छातीला नळी लावली. "ठोके खाली येत नाहीत. हिला पुढे नेऊ नका."

शर्यत भरवणारा लीलाधर हसला. "डॉक्टरसाहेब, घोडी देवाची झाली. आता आपन कोन थांबवनार?"

मोहितने आईकडे पाहिलं. ती गप्प राहिली. मोहित निघाला. गड दिसू लागला तिथे मैना कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

डॉक्टरांनी तक्रार केली, म्हणून आज जमादार अंगणात खाटेवर बसले होते. "बाई, घोडी तुमची. कशी मेली?"

"देवानं नेली, साहेब," लीलाधर मध्येच म्हणाला. "साऱ्या गावाले इचारा."

नवरा पुनाराम तिच्या कानाशी लागला. "तू बी तेच सांग वं. पोरगा अडकून राहिला ना."

शांतीबाईने पदराने हात पुसले. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"देवाले कायले मधात आनता? डॉक्टर नाही म्हनत होते. लीलाधरभाऊनं आयकलं नाही. अन् मी तिथंच उभी होतो, एक शब्द नाही बोललो. घोडी माही होती. पयलं नाव माहं लिहा."

"बाई, जनावराच्या छळाचा गुन्हा आहे. मालक म्हणून तुम्हीही अडकाल, मुलगाही."

"लिहा."

"गावाची चाल मोडून राहिली तू!" लीलाधर ओरडला.

"मोडू दे."

पुनारामने डोक्याला हात लावला. भिंतीला टेकलेला मोहित कालपासून कुणाशी बोलला नव्हता. तो पुढे आला आणि खाटेसमोर जमिनीवर बसला.

"साहेब, माहं बी लिहा. मैना दोनदा थांबली होती वाटेत. मीच टाच मारलो."