दोनदा कडेने, एकदा मधून

मी एक जुनी तांब्याची काहील आहे. मित्रांनो, एखादे वासरू आरामात बसेल एवढे माझे पोट मोठे आहे, आणि त्याचा मला मुळीच संकोच वाटत नाही.

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. झाडांची पाने लालपिवळी झाली की मला गावच्या बंबवाल्यांच्या अंगणात चुलाणावर चढवतात. सफरचंदाच्या फोडी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत माझ्यात शिजतात, तेव्हा कुठे त्यांचा काळसर, दाट मुरंबा होतो. तो विकून आगीचा बंब चालतो. ढवळणे मात्र क्षणभरही थांबवायचे नाही. एकच लांब दांडा दोघांनी धरायचा आणि फिरवायचा. दोनदा कडेने, एकदा मधून.

आणि ज्याच्या हातून तो दांडा माझ्या अंगावर आपटेल, त्याने शेजारच्याचा मुका घ्यायचा, असा आमचा रिवाज आहे. या रिवाजाने खोऱ्यातली कितीतरी लग्ने जमवली. काही तरुणांचे हात तर भलतेच वेंधळे असत.

पहाटेची पहिली पाळी डेल्मर शिफ्लेट आणि त्याची धाकटी बहीण नदीन यांची. त्यांच्या आईने मला दोघांच्या नावावर केले होते. डेल्मरचे गळ, जाळी आणि बंदुकांचे दुकान. नदीनने उभा जन्म रुग्णवाहिका चालवली. पाळीवर ती दोघे एकमेकांची इतकी टिंगल करत की चुलीतली लाकडेही हसून तडतडतात असे मला वाटे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग राज्याच्या राजधानीत वाद पेटला. एका माणसाने महिन्याला एकच पिस्तूल विकत घ्यावे, असा कायदा पुन्हा आणावा की आणू नये? आमच्या खोऱ्यात तर चहाकॉफीपेक्षा हा वादच जास्त उकळू लागला. गावच्या सभेत नदीन कायद्याच्या बाजूने बोलली आणि डेल्मर भर सभेत उठून उभा राहिला.

"माझ्या गिऱ्हाइकांना चोर म्हणतेस?"

"तुझ्या गिऱ्हाइकांना नाही. जो एकाच दिवशी पिशवी भरून पिस्तुलं नेतो आणि शहरात गल्लीगल्लीत विकतो, त्याला म्हणते. त्यांच्या गोळ्या ज्याला लागतात, तो माझ्या गाडीत आडवा असायचा."

"मग त्या चोराला धरा की. हौसेनं पिस्तुलांच्या जोड्या जमवणाऱ्या म्हाताऱ्याला कशाला अडवता?"

त्या दिवसापासून बोलणे बंद झाले. मी डेल्मरच्या दुकानाच्या कोपऱ्यात पडले. लोक माझ्यात घोषणांचे फलक टाकत. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. एकदा डेल्मर माझ्याकडे बघून म्हणाला, "यंदा हिच्यात फुलझाडंच लावतो." मित्रांनो, फुलझाडांशी माझे वैर नाही, पण मला रडू फुटले. ती दोघे पुन्हा एका दांड्याला हात लावणार नाहीत, हे दुःख फुलझाडांहून मोठे होते.

शेवटी बंबवाल्यांचा म्हातारा नायक ओटिस दुकानात आला. "तुमच्या भांडणावर बंब चालत नाही," तो म्हणाला. "पहिली पाळी तुमची. दोघंही या, नाहीतर पुढच्या आगीला तुम्हीच फुंकर मारा."

डेल्मरने कुरकुरत मला मीठ आणि सिरक्याने घासले. मी नव्या नवरीसारखी झळाळले.

पहाटे दोघे आली. दांडा धरला. तो दक्षिणेकडे बघत होता, ती उत्तरेकडे. सगळे गाव फोडी करता करता कान टवकारून बसले होते. मग नदीनने हनुवटीने समोरच्या टेबलाकडे खूण केली. तिथे डेल्मरनेच रंगवलेली पाटी होती : एका घराला दोनच बरण्या.

"ही पाटी कुणी लिहिली रे?"

"मी लिहिली. मागे तो शहरातला दुकानदार सगळ्या बरण्या उचलून घेऊन गेला होता ना."

"म्हणजे एका लबाडासाठी सगळ्या खोऱ्याला दोन बरण्यांवर आणलंस."

कुणीतरी फिसकन हसले. डेल्मर लाल झाला.

"मुरंबा हा बंदुकीसारखा घटनेत लिहिलेला हक्क नाही, नदीन."

"नाही. पण मुरंब्यानं कुणाला मेलेलं मी बघितलं नाही."

"जिमीकाकाचा मुरंबा विसरलीस वाटतं."

आता नदीनलाच हसू आवरेना. पण हसूनही दोघांनी मान वळवली नव्हती. तेवढ्यात ठण्ण! दांडा माझ्या कडेवर आपटला.

"डेल्मर, तुझ्या हातून लागलं," ओटिस म्हणाला. "रिवाज म्हणजे रिवाज."

डेल्मरने सुस्कारा टाकला, वाकला आणि बहिणीच्या गालाचा मुका घेतला. "मत नाही बदललं हं माझं," तो पुटपुटला.

"माझंही नाही. ढवळ आता, खाली लागेल."

त्या वर्षीसारखा मुरंबा पुन्हा झाला नाही. पुढे हिवाळ्यात दोघे राजधानीला गेली, त्या कायद्याच्या सुनावणीत एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला, पण एकाच गाडीने, आणि शिदोरीला आमचीच बरणी घेऊन.

मित्रांनो, भांडे असो की नाते, ते घासूनपुसून ठेवा. आणि मत पटो न पटो, ढवळणे थांबवू नका, हात थांबला की तळ करपतो. मी इतकी वर्षे ठोके खाल्ले आहेत. वेंधळ्या हाताचा ठोका तिरपा, घसरता लागतो. त्या पहाटेचा ठोका अगदी सरळ होता. डेल्मरने तो जाणूनबुजून मारला होता, आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही.