मुक्ताबाईंचे डोळे

मित्रांनो, केजच्या बसस्थानकामागच्या गल्लीत जिनतचे ब्युटी पार्लर आहे. तिथे खिडकीत ताटलीएवढा गोल आरसा उभा दिसतो, तो मी. माझ्या कडेचा मुलामा उडाला आहे आणि काचेवर खालच्या बाजूला तपकिरी डाग पडले आहेत. मला दोन बाजू आहेत. एका बाजूत चेहरा जसा आहे तसा दिसतो. दुसऱ्या बाजूत तो पाचपट मोठा दिसतो. आयुष्यात मी जेवढा भ्यालो, तेवढा या दुसऱ्या बाजूमुळेच.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे काच तापवून मऊ करतात आणि वाटीसारख्या साच्यावर किंचित वाकवतात. एवढ्या वाकण्याने ती मोठे दाखवू लागते. माझ्या शेजारच्या कितीतरी काचा वाकताना तडकल्या. मी तडकलो नाही. खोक्यात बसून लातूरच्या बाजारात आलो. जिनत तेव्हा तिथे पार्लरचा कोर्स करत होती. तिने मला दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले आणि ओढणीत गुंडाळून केजला आणले.

पहिली वर्षे चांगली गेली. लग्नसराईत माझ्यासमोर दिवसाला तीन-तीन नवऱ्या बसत. जिनतचा हात हलका होता. डोळ्यांभोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते, तिथे रगडायचे नसते, असे ती प्रत्येकीला सांगे. अनामिकेला जोर कमी असतो, म्हणून त्याच बोटाने ती डोळ्यांखाली थोपटत थोपटत मलम लावी. ते मुरले की रंगाचा अगदी पातळ हात फिरवी. पावडर नावापुरती. जास्त झाली तर ती रेघांमध्ये जाऊन बसते आणि सुरकुत्या लपायच्या ऐवजी उठून दिसतात. बायका उठताना माझ्याकडे पाहून हसत. मला फार बरे वाटे.

पण काही बायका मला हळूच उलटवत. मग त्यांचा चेहरा पडे. इतका जवळून, इतका मोठा चेहरा कुणी कधी पाहिलेला नसतो. त्या बोटाने डोळ्याची कड ताणत, सोडत, पुन्हा ताणत. मी काहीच वाईट केलेले नसे, तरी मला अपराधी वाटे.

अशाच एका दुपारी मुक्ताबाई आल्या.

मुक्ताबाई धारूर रस्त्यावरच्या एका गावात राहत. वय सत्तेचाळीस. त्यांचे पती अमरसिंह तिथले पुढारी. पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि अमरसिंहांनी घरातूनच मुक्ताबाईंचे नाव पुढे केले. त्यांचा फोटो काढला गेला. बॅनर छापणाऱ्याने संगणकावर तो फोटो असा काही घासला, की डोळ्यांभोवती एक रेघ उरली नाही. तीस वर्षे शेतातल्या उन्हाने आणि चुलीच्या धुराने केलेले सगळे काम त्याने एका दुपारी पुसून टाकले. ते बॅनर चौकाचौकांत लागले.

त्या दिवशी सकाळी मुक्ताबाई एका वस्तीवर मते मागायला गेल्या होत्या. तिथे बायनाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने बॅनरकडे बोट दाखवून विचारले, की ही तुमची लेक उभी राहिली आहे का. सगळे हसले. मुक्ताबाईही हसल्या. दुपारी मात्र त्या डोक्यावरचा पदर पार कपाळाखाली ओढून जिनतच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"जिनत, मला त्या बॅनरवानी कर," त्या म्हणाल्या. "रविवारी सभा हाय. समदे हसतील मला."

जिनतने त्यांना नीट समजावले. मेकअपने रेघा मऊ दिसतात, जात नाहीत, असे सांगितले. मग तिने आपले सगळे कसब लावले. मुक्ताबाई खरोखर छान दिसू लागल्या. पण बाहेर ऊन होते. त्या दारापर्यंत गेल्या, घाम आला, त्या परत आल्या आणि त्यांनी मला उलटवले. रंग रेघांमध्ये गोळा झाला होता. मी ते पाचपट मोठे करून दाखवले. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून पाहिले, की बुबुळांतली भीतीही मला मोठी दिसली. सुरकुत्यांची ती भीती नव्हती. हजार माणसांसमोर आपण खोट्या ठरू, याची होती.

जिनतच्या कप्प्यात एक पांढरी डबी पडून होती. मोटारसायकलवरून गावोगावच्या पार्लरना माल देत फिरणाऱ्या एका विक्रेत्याने ती दिली होती. तिच्यावर नाव नव्हते, आत काय आहे ते लिहिलेले नव्हते, तारीख नव्हती. आठ दिवसांत सुरकुत्या जातात, असे तो म्हणाला होता. जिनतने एक दिवस ते मलम स्वतःच्या हातावर लावून पाहिले होते. हात गुळगुळीत झाला होता, पण तिचे मन घेत नव्हते. म्हणून तिने ती कुणाला दिली नव्हती.

मुक्ताबाई रडू लागल्या आणि तिने ती डबी काढली.

मटकीएवढेच घ्यायचे, डोळ्यापासून बोटभर लांब लावायचे, तेही दिवसाआड, असे तिने तीनदा बजावले. लावताना नीट दिसावे म्हणून तिने मलाही सोबत दिले. अशी माझी आणि त्या डबीची एकाच पिशवीतून पाठवणी झाली.

मुक्ताबाईंच्या घरी मला खिडकीसमोरच्या टेबलावर ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले तसेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी कातडी ताणल्यासारखी दिसली आणि रेघा थोड्या बुजल्या. त्या हरखल्या. रविवारला तीनच दिवस उरले होते. त्यांनी सकाळी लावले, दुपारी लावले, दिवेलागणीला लावले. बोटभराचे अंतर नखाएवढे झाले. मग त्यांनी पापणीवरही लावले. कडेला लाली धरू लागली होती. मी ती दाखवत होतो, चांगली मोठी करून दाखवत होतो. पण त्यांना ती गुण येत असल्याची खूण वाटली. डोळे चुरचुरत होते. त्या ओठ दाबून सोसत होत्या. काहीतरी भयंकर जवळ येत आहे, हे मला कळत होते आणि मी टेबलावर नुसता उभा होतो.

शुक्रवारी सकाळी त्या भिंतीला हात लावत लावत माझ्यासमोर आल्या. दोन्ही डोळे टोमॅटोसारखे सुजले होते. फटीतून पाणी वाहत होते. त्यांनी मला चाचपून धरले आणि चेहरा अगदी जवळ आणला.

"संस्कृती," त्यांनी लेकीला हाक मारली, "खिडकी उघड गं जरा."

संस्कृती बारावीत शिकत होती. ती दारातच थांबली. खिडकी उघडीच होती. सगळे ऊन माझ्या काचेवर पडले होते.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. मुक्ताबाई माझ्यासमोर होत्या आणि त्यांना माझ्यात कुणीच दिसत नव्हते.

अमरसिंह प्रचाराला गेले होते. त्यांना कळवू नको, म्हणून मुक्ताबाई लेकीची विनवणी करू लागल्या. संस्कृतीने जिनतला फोन लावला. जिनतने तिला सांगितले, की डोळ्यांवर स्वच्छ पाणी सोडत राहा, चोळू देऊ नको, आणि डबी, आरसा, कापसाचे बोळे, जे जे वापरले ते सगळे पिशवीत घाल. मी येते.

जिनतचा भाऊ साजिद केज-धारूर रस्त्यावर जीप चालवतो. त्याने तिला अडवले होते. हे मला पुढे पार्लरमध्ये तिच्याच तोंडून कळले. तो म्हणाला होता, "जाऊ नको. डबीवर कुणाचंच नाव न्हाई. तू गेलीस तर तुझं नाव लागंल. पुढाऱ्याचं घर हाय ते." जिनत त्याच्यापेक्षा जास्त घाबरली होती. तरी तिने त्याला गाडी काढायला सांगितले.

अर्ध्या तासात ती दोघे आली. मुक्ताबाईंना जीपमध्ये मधे बसवले आणि गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली. पिशवीतून अर्धा बाहेर डोकावत मी डबीवर आदळत होतो. मुक्ताबाई सारख्या विचारत होत्या, की आता कुठपर्यंत आलो. प्रत्येक फाट्यावर त्यांचा बॅनर होता. बॅनरवरची बाई मोठे, नितळ डोळे करून हसत होती. संस्कृतीने तिकडून मान फिरवली.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, की काय लावले होते. मुक्ताबाईंनी पदर पुढे ओढला. संस्कृतीने खाली पाहिले. जिनतने पिशवीत हात घातला.

"मी दिलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "ही डबी."

डॉक्टरबाईंनी डबी उघडून वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. डबी आणली हे बरे केले, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडलो असतो, असे त्या म्हणाल्या. कातडी भाजली होती, आणि मलम आत उतरून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यालाही इजा झाली होती. त्यांनी डोळे पुन्हा पुन्हा धुतले, औषध घातले आणि दोन्हींवर पट्टी बांधली. उजवा डोळा वाचेल, डाव्याचे पट्टी काढल्याशिवाय सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोन दिवस थांबायचे होते.

संध्याकाळी अमरसिंह आले. सोबत दोन गाड्या भरून माणसे होती. जिनत बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मलम कुणी दिले, असे अमरसिंहांनी विचारले. ती उभी राहिली. पिशवी तिने छातीशी धरली होती आणि पिशवीत मी होतो. एकजण म्हणाला, की हिचे दुकान उद्या जागेवर दिसणार नाही. दारात उभ्या असलेल्या साजिदने बहिणीकडे पाहिले आणि तो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. आता माझे तुकडे होणार, असे मला वाटले. नंतर माझी मलाच लाज वाटली, कारण तिथे काचेपेक्षा मोठे काहीतरी फुटायची वेळ आली होती.

तेवढ्यात आतून मुक्ताबाईंची हाक आली. "अहो, आत या. एकटेच या."

संस्कृतीने जिनतच्या हातातली पिशवी घेतली आणि ती वडिलांमागोमाग आत गेली. म्हणून पुढचे मी ऐकू शकलो.

"तिनं सांगितलं त्याच्या धा पट मी लावलं," मुक्ताबाई म्हणाल्या. पट्टीमुळे त्यांचे तोंड भलतीकडेच होते. "ती पळून गेली असती तर डॉक्टरला तुमी काय सांगितलं असतं? माझं तोंड बॅनरवर पुसलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. मी भ्याले, अन् लावलं. जिनतच्या दुकानाला कुणी हात लावला, तर सभेत उभी राहून नाव घिऊन सांगंन."

अमरसिंहांनी बाहेर जाऊन माणसांना परत पाठवले. परत येताना दारात डॉक्टरबाई भेटल्या, तेव्हा अमरसिंहांनी अगदी बारीक आवाजात विचारले, की दिसेल ना तिला. इतक्या मोठ्या माणसाचा आवाज तेवढा लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

ते दोन दिवस फार लांब होते. जिनत घरी गेली नाही. सभेचा रविवार सभेविना गेला. मुक्ताबाई संस्कृतीच्या चेहऱ्यावरून सारखा हात फिरवत होत्या, जणू पुढे तो हातानेच ओळखावा लागेल.

सोमवारी सकाळी पट्टी काढली. उजव्या डोळ्याने त्यांना डॉक्टरबाईंची बोटे दिसली. डाव्याने आधी नुसते धुके दिसले. मग हळूहळू खिडकीची चौकट दिसली. त्यांनी आरसा मागितला.

संस्कृतीने माझी साधी बाजू समोर धरली. मुक्ताबाईंनी मला हातात घेतले आणि स्वतःच उलटवले. डोळ्यांभोवतीची कातडी सोलवटून काळी पडली होती. रेघा पहिल्यापेक्षा खोल झाल्या होत्या. हे सगळे पाचपट मोठे करून मी त्यांना कसे दाखवू?

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने माझ्यात पाहिले. खूप वेळ पाहिले. मग बोट लावून त्या मोजू लागल्या.

"हितं तीन हायत. हितं चार. जरा धुरकट हाय, पर हायत." त्या जिनतकडे वळल्या. "जिनत, समद्या सुरकुत्या दिसल्या गं मला."

तीन दिवसांत जिनतच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. ती तिथेच पलंगाच्या कडेला बसली आणि रडली.

मित्रांनो, डाव्या डोळ्यातले धुके पूर्ण गेले नाही. मुक्ताबाईंना अजून रोज त्यात थेंब घालावे लागतात. निवडणुकीत त्या थोडक्यात हरल्या. जिनतने महिनाभर पार्लर बंद ठेवले. बीडला जाऊन तिने सरकारी कचेरीत तक्रार लिहून दिली आणि उरलेली डबी जमा केली. तो विक्रेता काही सापडला नाही. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. तो दुसऱ्या कुठल्या तालुक्यात फिरत असेल, या विचाराने मला अजून धडकी भरते. आता जिनत कुठलेही नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबायला लावते, आणि डोळ्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय काही देत नाही. माझ्यासमोर मात्र हल्ली फारसे कुणी बसत नाही. भिंतीवर दिव्यांचा मोठा आरसा आला आहे. आठ-आठ दिवस माझी धूळ पुसली जात नाही.

त्याचे मला दुःख नाही. माझी विनंती वेगळीच आहे. मी काच आहे. जवळ आलेले मोठे करून दाखवायचे, एवढेच मला येते. त्या मोठ्या दिसण्याला कुणी भिऊ नये. तुमच्या आईने किंवा ताईने डोळ्यांना काही लावायला घेतले, तर ती डबी हातात घ्या, फिरवून पाहा, वाचा. तिच्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर आईचा हात धरा आणि लावू नको म्हणून सांगा. ती रागावली तरी सांगा. आरशाला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.