शेवटच्या गाण्यातल्या घंट्या

मावशीचं ठाम मत होतं की हल्ली माणसं नीट बोलतच नाहीत. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, वाक्याचं शेपूट गिळतात, आणि परत विचारलं की आपल्यावरच वैतागतात. "अहो, जरा तोंड उघडून बोला," हे तिला दिवसातून कितीदा म्हणावं लागे याला गणती नव्हती. आणि म्हणायचं कुणाला, तर ज्यांना स्वतःलाच धड ऐकू येत नाही त्यांना! कारण मावशीचं कामच ते होतं. दवाखान्याच्या तळमजल्यावर ती लोकांचे कान तपासायची.

तिच्या खोलीत आणखी एक इवलीशी खोली होती. भिंतींना जाड गाद्या, जड दार, एक काच, आत एक खुर्ची. पेशंटने आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण धरायचं. बाहेर यंत्रापुढे मावशी. ती एकेक सूर सोडणार, खालचे, मधले, मग अगदी वरचे बारीक. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की इकडे दिवा लागतो. काम सोपं, पण माणसं बेरकी. कुणी ठेका पकडतं आणि सूर येवो न येवो, तालात बटण दाबत सुटतं. कुणी काचेतून मावशीच्या खांद्यावर नजर ठेवतं. म्हणून तिने खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवली होती आणि सूर सोडताना ती मुद्दाम ठेका मोडायची. "मला फसवून तुम्हाला काय मिळणार हो? कान तुमचेच आहेत," असं सुनवायलाही कमी करायची नाही.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याचा तिला वीट आला होता. पेशंटचा, पुटपुटणाऱ्या डॉक्टरांचा, तळमजल्याच्या दमट हवेचा, संध्याकाळी घरी जाऊन एकटीसाठी भांडी घासण्याचा. सकाळी उठतानाच ती दमलेली असे. एका गोष्टीचा तेवढा तिला कधी कंटाळा आला नव्हता, आणि ती गोष्ट होती नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधले, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात न गेलेले लहानलहान रॉक बँड.

आता हे खूळ हिच्या डोक्यात शिरलं कुठून? तर तरुणपणी जुन्या सामानाच्या दुकानात तिने एक सीडी उचलली होती. कव्हरवर बर्फात एकटाच उभा असलेला बसथांबा होता, तो आवडला म्हणून. घरी येऊन लावली आणि बाईसाहेब त्या दिवसापासून गेल्याच कामातून. भाषा कळत नव्हती. पण त्या गाण्यांना कसली घाई नव्हती, आणि कुणी तिच्या अंगावर ओरडत नव्हतं. मग एकातून दुसरं निघत गेलं. स्वीडनच्या कुठल्या बँडने बंद पडलेल्या डेअरीत रेकॉर्डिंग केलं, डेन्मार्कच्या कुठल्या गायिकेचं गिटारवाल्याशी फाटलं, कुणाचा ड्रमवाला रुसून कुणाकडे नांदायला गेला, हे तिला नात्यागोत्यातल्या बातम्यांसारखं तोंडपाठ. जगभर विखुरलेल्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. आइसलंड आपल्यात धरायचं की नाही यावर तिथे दरवर्षी हाणामारी व्हायची, आणि मावशीचा शब्द तिथे मानाचा होता.

सगळ्यांत लाडकी मात्र त्या बसथांब्यावाली नॉर्वेची चौघं. बँडचं नाव घ्यायला जीभच वळेना, म्हणून मावशी आणि तिची भाची त्यांना 'आपली मंडळी' म्हणायच्या. भाचीची आई, म्हणजे मावशीची ताई, या सगळ्याला 'तुमची थंडीवाली गाणी' म्हणायची आणि स्वेटर आणू का असं विचारायची. भाची लहान असताना मावशीने इयरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं होतं. आता ती बालवाडीत शिकवत होती आणि दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज कायमचा बसला होता. पण रिवाज तोच राहिला. मंडळींचा नवा अल्बम आला की पहिल्यांदा दोघींनी मिळूनच ऐकायचा. एकाच इयरफोनची दोन टोकं, डावं मावशीला, उजवं भाचीला. संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

मधली कितीतरी वर्षं मंडळी गप्प होती. बँड मोडला अशाही आवया उठल्या. आणि अखेर नवा अल्बम आला. त्या दिवशी मावशी पेशंटशीसुद्धा गोड बोलली. तिला धाकधूक होती ती एवढीच, की अल्बम पडेल निघाला तर आपण वाट तरी कशाची बघायची?

संध्याकाळी ताईच्या घरी कोचावर दोघी खेटून बसल्या. ताईने दार लोटून घेतलं. गाणी सुरू झाली.

पहिल्या गाण्याला मावशीने डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. आवाज ओळखीचा होता, ढोल होता, खालची गिटार होती, पण सगळं कसं घोंगडं पांघरून वाजवल्यागत. गायिकासुद्धा हल्लीच्या माणसांसारखी पुटपुटत होती. आणि घंट्या? मंडळींच्या गाण्यात लहान पोलादी पट्ट्यांचं एक वाद्य असायचं, हातोडीने वाजवायचं. त्या बारीक घंट्यांवर तर मावशीचा जीव होता. त्यांचा मागमूस नव्हता. शेवटचं गाणं म्हणजे तर कमालच. थोडा वेळ बाजाची पेटी घुमल्यासारखी घुमली आणि मग काहीच नाही. शांतता. खूप उशिराने ढोलाचा एक ठोका, आणि अल्बम संपला.

मावशीने बाजूला बघितलं. भाची रडत होती.

मावशीला भरून आलं. तिने भाचीच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस गं. होतं असं. माणसं थकतात. मंडळी संपली, झालं."

"संपली?" भाचीने नाक पुसलं. "मावशी, काय बोलतेस? शेवटच्या गाण्यातल्या त्या घंट्या! माझ्या अंगावर काटा आला!"

"कुठल्या घंट्या?"

"कुठल्या काय, अख्ख्या गाण्यात घंट्याच तर आहेत!"

"मग तुझ्या बाजूला असतील. उजव्या कानात. असं करतात ते लोक."

"बरं, मग बदलू या." भाचीने आपलं टोक तिच्या उजव्या कानात घातलं आणि गाणं पुन्हा लावलं. मावशी मान खाली घालून ऐकत राहिली. पेटी घुमली, थांबली. मग पुन्हा तीच शांतता. भाची तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आता?" भाची म्हणाली. "ऐकलंस?"

"नाहीये गं काही. तुला गाणं आवडायलाच हवं म्हणून तू घंट्या मनानेच घालतेस."

"मी मनाने घालते? आणि जुन्या गाण्यांतल्या घंट्या तुला येतात ऐकू?"

"म्हणजे काय! परवाच ऐकलं सगळं. एकन् एक घंटी."

"मग नव्यातली का नाही?"

"कारण नव्यात नाहीच आहे!" मावशी चिडून उठली. इतक्या वर्षांची वाट आणि हे पदरात. वर ही पोरगी वाद घालतेय. "ताई, मी निघते," असं म्हणून तिने चपला घातल्या. ताई काहीतरी म्हणाली, पण तीही तोंडातल्या तोंडात.

घरी जाऊन मावशीने ग्रुपवर लांबलचक लिहिलं. मंडळींनी घंट्या टाकून दिल्या, सगळा आवाज बोथट केला, शेवटचं गाणं तर निव्वळ कोरं आहे, चाहत्यांना मूर्ख समजतात का. मनातली जळजळ सगळी त्यात ओतली आणि फोन बंद केला.

सकाळी उघडला तर उत्तरांचा पाऊस पडलेला. शिव्या असतील म्हणून ती सावरून बसली. पण शिव्या नव्हत्या, सगळे हसत होते. एकाने लिहिलं होतं, 'कोरं गाणं! झकास!' दुसरीने लिहिलं, 'इतक्या घंट्या एका गाण्यात, आणि तू म्हणतेस टाकून दिल्या. तुझ्या थट्टेला तोड नाही.' एकालाही वाटलं नव्हतं की ती मनापासून बोलतेय.

मावशी तशीच कामावर गेली.

रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी यंत्र नीट आहे का ते बघायचं असतं. त्यासाठी आधी स्वतःच हेडफोन घालून सगळे सूर ऐकायचे, खालपासून वरपर्यंत. वर्षानुवर्षं ती हे करत आली होती. आजही तिने हेडफोन घातला, सूर सोडायचं बटण दाबलं, दिवा लागला, सूर आला. पुढचं दाबलं, दिवा लागला, सूर आला. अगदी वरचा दाबला, दिवा लागला, सूर आला.

आला?

तिचं बोट बटणावरच राहिलं. दाबणारी ती, दिवा बघणारी ती, आणि ऐकणारीही तीच. डोळे मिटून तिने पुन्हा दाबलं. तरी सूर आला, कारण बोटाला ठाऊक होतं. ठेका धरून बटण दाबणाऱ्यांना ती इतकी वर्षं टोमणे मारत होती. आणि जुनी गाणी? त्यातली एकन् एक घंटी तिला पाठ होती. पाठ असलेलं ऐकायला कान कशाला लागतात?

तिने भाचीला फोन केला. "शाळा सुटली की इकडे ये. भांडायला नाही. काम आहे."

भाची आली तेव्हा पेशंट संपले होते. अजून थोडी फुरंगटलेलीच होती. शाळकरी असल्यापासून ती या खोलीत येऊन बसायची, त्यामुळे यंत्र तिला परकं नव्हतं. मावशीने तिला यंत्रापुढे आपल्या खुर्चीत बसवलं.

"हे चाक सुराचं, हे आवाजाचं. खालपासून वर जा. मी बटण दाबलं नाही तर आवाज वाढव. आणि ठेका धरायचा नाही हं. मधेच थांब, मधेच घाई कर. मला फसव."

"मावशी, काय झालंय?"

"काही नाही. तू कर."

मावशी आत गेली, जड दार ओढून घेतलं, हेडफोन चढवला आणि काचेकडे पाठ करून बसली. पेशंटच्या जागी ती कधीच बसली नव्हती. गाद्यांना जुन्या घामाचा वास येत होता. खालचा सूर आला, तिने बटण दाबलं. दुसरा आला. पोरगी छान फसवत होती, लांब थांबायची, मग लागोपाठ दोन सोडायची. मधले सूर आले, जरा उशिराने, पण आले. उगाच घाबरलो आपण, असं तिला वाटायला लागलं.

मग भाची थांबली.

मावशी वाट बघत राहिली. बटणावर अंगठा तयार ठेवून. फसवते म्हणजे काय, इतकं? कान कोंडून गेल्यासारखे झाले. "अगं, वाजव ना," ती आतल्या माइकमध्ये म्हणाली. काही नाही. "चाक अडकलं का? डावीकडचं बघ. जरा जोर लाव, ते जुनं आहे." तरी काही नाही. "झोपलीस की काय गं?"

दार उघडलं. भाची उंबऱ्यात उभी होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

"मावशी, मी केव्हाची वाजवतेय."

मावशीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांच्या सवयीने पहिला प्रश्न कामाचाच आला. "आवाज कुठवर नेलास?"

"जवळजवळ शेवटाला."

"दोन्ही कान?"

भाचीने होकारार्थी मान हलवली.

पुढे काय हे मावशीला कुणी सांगायची गरज नव्हती. हे ती रोज दुसऱ्यांना सांगत आली होती, तेही घड्याळाकडे बघत. गेलेले सूर परत येत नाहीत. यंत्र मिळेल, बोलणं कळेल, पण घंटी घंटीसारखी वाजणार नाही. उद्या वर जाऊन डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि या खोलीत दुसरं कुणीतरी बसेल. हे सगळं तिला एकदम कळलं. पण रडू आलं ते त्यासाठी नाही.

"म्हणजे मंडळी शाबूत आहेत," ती म्हणाली.

"आहेत गं."

"अल्बम चांगला आहे? खरं सांग."

"त्यांचा सगळ्यांत चांगला आहे, मावशी."

मावशीने पदराने डोळे टिपले. मग बाजूला सरकून अर्धी खुर्ची मोकळी केली. "बस. शेवटचं म्हणून दाखव."

"मी? माझा आवाज बघ कसला झालाय. आणि ते किती वर जातं!"

"वर गेलीस तर माझी पंचाईत. तू आपली खालीच म्हण."

भाची बसली. दोघींना ती खुर्ची पुरत नव्हती. तिने घसा खाकरला आणि त्या घंट्या आपल्या बसक्या, घोगऱ्या आवाजात म्हणायला घेतल्या. शब्द नव्हतेच, म्हणून बालवाडीतल्या पोरांसमोर म्हणतात तसं टिण टिण करत. मधेच अडखळली, मागे गेली, पुन्हा धरलं. मावशी तिच्या ओठांकडे बघत होती. ते गाणं ती पहिल्यांदा ऐकत होती.

एका जागी तिने हात वर करून भाचीला थांबवलं.

"हे परत म्हण," ती म्हणाली. "इथे काहीच नाही असं मी ग्रुपवर लिहिलं होतं."